चिऱ्याची भिंत, कोब्याचा स्लॅब आणि दीड टनाचा एसी: खोलीचा कूलिंग लोड वहीत कसा काढायचा

रत्नागिरीजवळच्या मालगुंडला मावशीने वरच्या मजल्यावर खोली काढली, १२ बाय १२ ची, वर आरसीसी स्लॅब आणि त्यावर गळतीसाठी कोबा, भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. एसी दुकानदाराने खोली न बघताच दीड टनाचा दिला. मे महिन्यात मी गेलो तेव्हा तक्रार अशी की एसी चालू होतो, वारा गार येतो, पण अंगाला चिकचिक तशीच आणि चादर ओलसर लागते. दुकानदाराचं उत्तर तयार होतंच, दोन टनाचा घ्या. रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून स्लॅबला हात लावला तर तवा नुकताच उतरवलाय असं वाटलं, आणि सूर्य मावळून दोन तास होऊन गेले होते.

मी म्हटलं थांब मावशी, आधी खोलीत किती उष्णता येते, म्हणजे कूलिंग लोड किती, याचा हिशेब करू. तोच हिशेब इथे मांडतोय, कारण कोकणात हल्ली प्रत्येक घरात एक तरी एसीची खोली होतेय आणि सगळ्यांना टन "चौरस फुटाला इतके" असाच सांगितला जातो. हिशेब लांबलचक आहे पण अवघड अजिबात नाही, दहावीचा गुणाकार भागाकार येत असेल तर पुरे. वही, टेप आणि होकायंत्र घ्या, मोबाईलमधलं चालेल.

आधी मोजमाप

सगळं मीटरमध्येच घ्या. फुटात घेतलं की पुढे आकडे गुंततात. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणजे स्लॅब १३.४ चौरस मीटर, उंची ३ मीटर धरली तर हवा ४० घनमीटर. प्रत्येक भिंत कुठल्या दिशेला आहे ते लिहा, पलीकडे ऊन आहे की दुसरी खोली तेही लिहा. मावशीच्या खोलीला पश्चिम आणि दक्षिण या दोन भिंती बाहेरच्या, पश्चिमेला ४ बाय ४ फुटांची अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी, बाकी दोन भिंतींपलीकडे एसी नसलेल्या खोल्या.

भिंत कशाची आहे हे मालकाला विचारून भागत नाही, बरं का. "चिऱ्याची" म्हणतात आणि वरचे तीन थर विटांचे निघतात. स्लॅबवर कोबा किती जाड आहे ते पन्हाळीच्या तोंडाशी कडा दिसते तिथे मोजा, मावशीकडे तो चार इंच होता.

थर मोजायचे, यू काढायचा

आता मालाचे गुण. पहिला गुण उष्णता वाहून नेण्याचा, त्याला के-व्हॅल्यू म्हणतात, वॉट प्रति मीटर प्रति अंश. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: आरसीसी १.५८, भाजलेली वीट ०.८, सिमेंटचा गिलावा ०.७२, एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे) ०.१७ च्या आसपास, थर्माकोल ०.०३५, एक्सपीएसच्या (थर्माकोलच्याच जातीच्या घट्ट फोमच्या) शीट ०.०३, सागवान ०.१५ ते ०.१७. चिऱ्यासाठी मी १ धरतो. जांभा खाणीगणिक बदलतो, कुठे भोकं जास्त, कुठे घट्ट, आणि पावसाळ्यात त्याच्या भोकात पाणी शिरलं की आकडा वर जातो. हवेचा के फक्त ०.०२६ आणि पाण्याचा ०.६, म्हणजे भोकातली हवा जाऊन पाणी आलं की तेवढ्या जागेतून वीसपट उष्णता जाते. झडीच्या बाजूला पूर्वी नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, ते भिंत धुपू नये म्हणून, पण कोरडी भिंत राहिली की हाही फायदा आपोआप व्हायचाच.

जुन्या पुस्तकात किंवा बाहेरच्या कॅटलॉगमध्ये आकडे वेगळ्या मापात असतात तिथे लोक हमखास घसरतात. किलोकॅलरीत असेल तर १.१६३ ने गुणा. बीटीयू-इंच (ब्रिटिश माप) असेल तर ०.१४४ ने. आणि बीटीयूमधली यू-व्हॅल्यू (अख्ख्या भिंतीतून किंवा छतातून दर चौरस मीटरला अंशामागे जाणारी उष्णता) असेल तर ५.६७८ ने. एकदा मी स्वतः एका शीटचा यू ०.३ बघून हुरळलो होतो, तो निघाला बीटीयूतला, म्हणजे खरा १.७, आणि तोवर गिऱ्हाईकाला सांगूनही झालं होतं.

के कळला की प्रत्येक थराचा अडथळा काढायचा, त्याला आर म्हणू. जाडी मीटरमध्ये घ्या आणि के ने भागा. मग सगळे थर मिळवा, आणि त्यात भिंतीच्या दोन्ही अंगांना चिकटून बसलेल्या हवेचा पातळ पापुद्रा असतो त्याचाही आर मिळवायचा, बाहेरचा ०.०४ आणि आतला भिंतीला ०.१३. छतातून उष्णता खाली येते तेव्हा आतला ०.१७ धरायचा, कारण गरम हवा छताखाली तशीच थिजून बसते. हा पापुद्रा विसरला की उघड्या स्लॅबचा हिशेब पार बिघडतो, तिथे अर्ध्याहून जास्त अडथळा याचाच असतो.

चिऱ्याची ९ इंची भिंत, दोन्ही बाजूला १५ मिमी गिलावा: ०.०४ + ०.०२१ + ०.२३ + ०.०२१ + ०.१३, बेरीज ०.४४. एकाला त्याने भागलं की यू आला, २.२६ वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश. तेवढीच विटांची भिंत २.०० येते. एएसीची ८ इंची ०.७२.

इथे कोकणातल्या माणसाला धक्का बसतो. चिरा तर गार असतो ना? आकड्यात तो विटेच्याही मागे आहे. आपल्या जुन्या चिरेबंदी घरात गारवा असतो तो पडवीमुळे, वळचण खाली उतरलेली असते म्हणून, भिंतीवर ऊनच पडत नाही म्हणून, आणि सारवलेली जमीन खालून उष्णता ओढून घेते म्हणून. चिऱ्याच्या वाट्याला श्रेय जरा जास्तच गेलंय. तोच चिरा पडवी न काढता उघडा पश्चिमेला उभा करा, मग बघा.

आता स्लॅब: बाहेरचा पापुद्रा ०.०४, कोबा १०० मिमी (के ०.८ धरून) ०.१२५, आरसीसी १२५ मिमी ०.०७९, खालचा गिलावा ०.०१७, आतला पापुद्रा ०.१७. बेरीज ०.४३१, यू २.३२. कोबा नसता तर ३.२७ आला असता. घरांसाठीच्या इको निवास संहितेने २०१८ मध्ये छताची मर्यादा १.२ घातली आहे, म्हणजे आपले बहुतेक स्लॅब तिच्या दुप्पट-अडीचपट आहेत. वर २५ मिमी एक्सपीएस घातलं तर आर ०.८३ ने वाढतो आणि यू एकदम ०.७९ वर येतो. इंचभर शीट चार इंच कोब्याला सहापटीहून भारी पडते.

ऊन कसं धरायचं

यू मिळाला, आता तो क्षेत्रफळाने आणि तापमानाच्या फरकाने गुणायचा. फरक मात्र बाहेरच्या हवेचा धरू नका. हवा ३३ अंश असते पण गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही तो काय ३३ ला? ऊन शोषून पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी वर जातो, म्हणून सोल-एअर तापमान नावाचं एक मानलेलं तापमान वापरतात. हवेचं तापमान घ्या, त्यात (रंगाचं शोषण × उन्हाची तीव्रता ÷ २५) मिळवा, आणि आडव्या छताला ४ अंश वजा करा कारण छत आकाशाकडेही थोडी उष्णता फेकत असतं.

मे महिन्यात दुपारी आडव्या छतावर साधारण ९५० वॉट प्रति चौरस मीटर ऊन. जुना काळवंडलेला कोबा ०.७ शोषतो. म्हणजे ३३ + २६.६ − ४, जवळजवळ ५६ अंश. तोच कोबा पांढरा रंगवला, शोषण ०.३, तर ४० अंश. नुसत्या रंगाने १५-१६ अंशांचा फरक.

पण आपल्याकडे गोम अशी की पांढरी गच्ची एक पावसाळा काढते आणि शेवाळाने हिरवी काळी होऊन जाते. म्हणून पाऊस गेला की ऑक्टोबरात ब्रश मारून धुणं आणि मार्चअखेर एक हात फिरवणं, हे धरूनच हिशेब करा, नाहीतर ०.३ धरू नका. आळस असेल तर ०.५ धरा, प्रामाणिक आकडा तोच.

भिंतींबद्दल एक मजेची गोष्ट. रत्नागिरी १७ अक्षांशावर आहे, म्हणजे साधारण ९ मे च्या सुमारास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीला तो चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे आपण "दक्षिणेचं ऊन वाईट" म्हणून दक्षिणेला छज्जा मोठा काढतो, आणि ऐन मे मध्ये दक्षिण भिंतीला थेट ऊनच लागत नाही. त्रास देणारी बाजू पश्चिम, आणि पश्चिमेचं ऊन इतकं खालून येतं की छज्जा त्याला अडवूच शकत नाही.

जड माल उष्णता उशिरा देतो

इथपर्यंत सगळे करतात आणि इथेच थांबतात. ५६ मधून आतले २६ वजा केले, ३० अंशांचा फरक, ३० × २.३२ × १३.४ म्हणजे ९३० वॉट स्लॅबमधून, झालं. पण तो ५६ चा आकडा दुपारी साडेबारा-एकचा आहे आणि मावशीचा स्लॅब रात्री नऊला तापलेला होता, त्याचं काय?

मालाचा दुसरा गुण इथे येतो, उष्णता पोटात साठवायची ताकद. घनता × जाडी × विशिष्ट उष्णता. कौल १५ मिमी जाड, १९०० घनता, ०.८८ विशिष्ट उष्णता: २५ किलोज्यूल प्रति चौरस मीटर प्रति अंश. नुसता पाच इंची स्लॅब: २५० च्या वर. दहापट. कौल सूर्य कलला की अर्ध्या तासात गार होतं, स्लॅब दिवसभर प्यायलेली उष्णता रात्री ओकत बसतो. बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला कारखाना काढला तिथून पुढे ही कौलं किनाऱ्याने वर सरकत आपल्याकडे पसरली आणि टिकली, त्यात पावसाइतकाच या हलकेपणाचाही हात असावा असं माझं मत. संध्याकाळी सातनंतर कौलारू घरात झोप लागते, स्लॅबखाली लागत नाही, हा अनुभव प्रत्येकाचा आहे.

जाडीने दोन गोष्टी होतात. उष्णता उशिरा पोचते, आणि चढउतार बोथट होऊन पोचतो. पाच इंची उघड्या स्लॅबला साधारण तीन-चार तास, स्लॅब आणि कोबा मिळून नऊ इंच झाले की सहा तास. दुपारी एकची उष्णता मावशीच्या छताखाली संध्याकाळी सातला येते. म्हणजे कोब्याने यू कमी केला हे खरं, पण उरलेली उष्णता आणून टाकली ती जेवून अंथरूण घालायच्या वेळेला. ऑफिस असतं तर हाच कोबा उपयोगी ठरला असता, सहाला कुलूप लावून सगळे घरी जातात.

बोथटपणाचा हिशेब असा. आधी दिवसभराच्या सोल-एअरची सरासरी काढा, माझ्या वहीत ती ३३ आली. दुपारचं टोक सरासरीच्या २२-२३ अंश वर आहे, नऊ इंची थर त्यातला साधारण निम्माच पुढे जाऊ देतो, म्हणजे ११. मग संध्याकाळी सातला छताचा परिणामी आकडा ४४, आतले २६ वजा, फरक १८. स्लॅबमधून २.३२ × १३.४ × १८, म्हणजे ५६० वॉट. हाच स्लॅब पांढरा ठेवला तर २६० च्या आसपास. संध्याकाळी पाच ते रात्री दहा काळ्या कोब्याचा हा अंशांचा फरक फारसा हलत नाही, १५ ते १८ च्या मध्येच राहतो. मोठ्या कामात यासाठी सीएलटीडीचे (अशा परिणामी फरकांचे तयार) तक्ते किंवा आश्रे या अमेरिकन एसी-अभियंत्यांच्या संस्थेची रेडियंट टाइम सिरीज पद्धत वापरतात, कॉम्प्युटर तासातासाचं गणित करतो. घरच्या एका खोलीला वही पुरते.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. रात्री नऊला एसी लावला की आधी तो खोलीतली हवा गार करतो, ती पाच मिनिटांत होते, आणि मग स्लॅबशी झगडतो. मावशीचा नुसता आरसीसीचा थर चार अंश उतरवायचा तर पावणेचार युनिट उष्णता काढावी लागते. एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट, तर एक टनाचा एसी तासाभराहून जास्त फक्त छताच्या पोटातली उष्णता उपसत बसतो. पुण्या-साताऱ्याकडे खिडक्या रात्री उघड्या टाकून हा स्लॅब फुकटात गार करता येतो. आपल्याकडे मे मध्ये रात्रीही पारा २६ च्या खाली फारसा जात नाही, पहाटेचा मतलई वारा सुटला तर तेवढाच दिलासा. म्हणून जड भिंत म्हणजे गार घर हे देशावरचं शहाणपण इथे जसंच्या तसं लागू होत नाही. राष्ट्रीय बिल्डिंग कोडने देशाचे पाच हवामान विभाग केलेत त्यात आपला किनारा उष्ण-दमट आहे, आणि त्यातला दमट हा शब्द पुढे सगळा खेळ फिरवतो.

खिडकी

पटकन उरकतो. साध्या काचेचा यू ५.८, पण खरी मार उन्हाची. पश्चिमेच्या दीड चौरस मीटर काचेवर साडेचार-पाचला ६०० वॉट प्रति चौरस मीटर पडतं आणि ८५ टक्के आत येतं: ७६५ वॉट. म्हणजे एका खिडकीतून संपूर्ण स्लॅबपेक्षा जास्त. आतून पडदा लावून फार उपयोग नाही, ऊन काच ओलांडून आत आलं की आलं, ते बाहेरच अडवायला हवं, बांबूची चिक, जाळी, वेल, काहीही. माड लावून सावली मिळेल असं समजू नका, माडाची सावली असते कुठे न पडते कुठे. अॅल्युमिनियमची चौकट उष्णता जणू पन्हाळीतून वाहावी तशी वाहते, सागवानाच्या हजारपट, पण चौकटीचं क्षेत्रफळ कमी म्हणून एका खोलीच्या हिशेबात ती दुय्यम.

हवा आणि ओलावा, इथेच मावशीचा एसी हरला

मे मध्ये ३२ अंश आणि ६८ टक्के आर्द्रता धरली तर एक किलो हवेत साडेवीस ग्रॅम पाणी असतं. आत आपल्याला २६ अंशाला ५५ टक्के हवंय, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. बाहेरची हवा जितकी आत शिरेल तितके किलोमागे नऊ ग्रॅम पाणी एसीला पिळून काढावं लागणार, आणि पाणी पिळायला उष्णता खर्च होते. सूत्र दोनच. गारव्यासाठी १.२३ × लिटर प्रति सेकंद × अंशांचा फरक. ओलाव्यासाठी ३ × लिटर प्रति सेकंद × ग्रॅमचा फरक.

खिडकी दार बंद करून चांगली बसवलेली खोली तासाला साधारण एकदा सगळी हवा बदलते. ४० घनमीटर तासाला म्हणजे ११.२ लिटर प्रति सेकंद. रात्री आठला बाहेर ३० अंश, तर गारव्याचे ५५ वॉट आणि ओलाव्याचे ३००. बघा, पाच-सहापट. हवेतला उकाडा किरकोळ, हवेतलं पाणी भारी.

आता रात्री आठची बेरीज. स्लॅब ५५०. पश्चिम भिंत ९.५ चौरस मीटर × २.२६ × ८ अंश, १७०. दक्षिण भिंत १५०. आतल्या भिंती आणि जमीन पलीकडच्या गरम खोल्यांमुळे ३००. काच ३५. हवा ३५५. दोन माणसं, प्रत्येकी ७० वॉट अंगाची उष्णता आणि ४५ वॉट घामाची, २३०. टीव्ही, दिवा, पंखा १००. सगळं मिळून १८९०, म्हणजे ०.५४ टन. संध्याकाळी पाचची बेरीज मांडली तर खिडकीच्या उन्हामुळे २६००, पाऊण टन. एक टनाचा एसी खाऊन पिऊन पुरला पाहिजे.

मग दीड टनाचा का पुरेना? मी वही घेऊन परत खोलीत गेलो आणि या वेळी भिंती बघितल्या. दक्षिण भिंतीत छताला लागून सिमेंटची जाळी, हवा खेळती राहावी म्हणून गवंड्याने ठेवलेली, पडद्याच्या दांडीमागे दिसतही नव्हती. उदबत्ती लावून समोर धरली तर धूर आत सरळ आडवा येत होता. दाराखालीही बोटभर फट. म्हणजे तासाला एकदा कसली, पाचदा तरी हवा बदलत असणार.

पाच धरून पुन्हा मांडलं. हवेच्या गारव्याचे २७५, ओलाव्याचे १५००. एकूण बेरीज ३३१०, ०.९४ टन. आता टनांत बघितलं तर दीड टन अजूनही भरपूर आहे! पण या ३३१० मधले १५९० ओलाव्याचे आहेत, जवळपास निम्मे. घरगुती एसी ज्या बेताने बनवलेला असतो त्यात साधारण पाऊण ताकद तापमान उतरवायला जाते आणि पाव ओलावा काढायला. खोली २६ ला आली की थर्मोस्टॅट म्हणतो काम झालं, कॉम्प्रेसर बंद, आणि पाणी तसंच हवेत. जितका एसी मोठा तितका तो लवकर २६ ला आणतो आणि तितका लवकर बंद पडतो. दोन टनाचा बसवला असता तर मावशीची चादर आणखी ओली झाली असती.

आधी काय करायचं

खर्च आणि परिणाम बघून माझा क्रम असा. सगळ्यात आधी फटी आणि जाळ्या, कारण जवळजवळ फुकट आहे, मात्र झडप उघडबंद होणारी लावा, एसी बंद असताना कोंदट खोलीत बुरशी धरते. मग पश्चिमेची खिडकी बाहेरून झाका. मग गच्ची पांढरी करा, किंवा आपल्याकडे पावसासाठी गच्चीवर पत्र्याची शेड घालतातच, ती चारी बाजूंनी उघडी ठेवली तर स्लॅबवर ऊनच पडत नाही आणि तिच्याहून चांगलं काही नाही. शेडच्या बाजू पत्र्याने बंद करून तिथे अडगळ भरतात ते मात्र करू नका, भट्टी होते. पैसे असतील तर कोबा घालायच्या आधीच एक्सपीएस, नंतर फोडून घालणं परवडत नाही.

भिंत शेवटी. मावशीच्या दोन्ही भिंती मिळून ३२० वॉट, एएसीच्या असत्या तर शंभरच्या आसपास आल्या असत्या, वाचले सव्वादोनशे. नवीन बांधत असाल तर विचार करा, पण एएसी पाणी पितो, झडीच्या बाजूला त्याचा गिलावा चोख नसेल तर दोन पावसाळ्यांत पश्चात्ताप. नुसत्या एसीसाठी चिरा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही.

कौलारू खोलीत एसी लावायचा असेल तर आधी खाली छत ठोकून सांधे बंद करा, नाहीतर कौलाकौलांमधून गावभर गारवा वाटाल. कौल आणि छत यांमधल्या पोकळीचा आर ०.१५-०.१८ धरा, त्यात चकचकीत फॉइल वासे-रिपांखाली मारली तर बराच वाढतो.

हीटिंग म्हणाल तर किनाऱ्याला त्याची गरज नाही, पण दापोलीकडे थंडीत विचारणारे असतात म्हणून सांगतो. तिथे हिशेब सोपा, रात्री ऊन नाही, माणसांची उष्णता मोजायची नाही, सरळ यू × क्षेत्रफळ × फरक. फक्त छताचा आतला पापुद्रा ०.१७ ऐवजी ०.१० घ्या कारण आता उष्णता वर चाललीय, यू २.७७ होतो. बाहेर १२, आत २० हवेत, तर हीच खोली: छत ३००, भिंती ३७०, काच ७०, हवा ११०. साडेआठशे. हजार वॉटचा हीटर पुरतो, अंगावर गोधडी असेल तर तोही नको.

मावशीकडे शेवटी काय केलं? जाळीला आतून लाकडी झडप, दाराला खाली रबरी पट्टी, खिडकीबाहेर बांबूची चिक. गच्ची पुढच्या मार्चला रंगवू म्हणाली, बघू. एसी तोच, दीड टनाचा, २६ वर लावून ठेवायला सांगितला आणि ड्राय मोडचं बटण दाखवलं. आठवड्याने फोन आला, म्हणाली अरे बाहेरच्या नळीतून आता बादलीभर पाणी येतं रात्री, कुठे ओतू, अबोलीला चालेल का?